तारेच्या लांबीचा हिशेब

नगरहून पाथर्डीकडे निघालं आणि करंजी घाट मागे टाकला की तिसगाव लागतं. जवळच कानिफनाथांची मढी, गर्भगिरीच्या डोंगररांगेतलं वृद्धेश्वर. पर्जन्यछायेतला हा मुलूख. वर मातीचा थर, त्याखाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. पन्नास वर्षांपूर्वी अशा गावात विजेवर चालणाऱ्या वस्तू म्हणजे दिवे, पिठाची गिरणी आणि विहिरीवरची मोटर. त्यातलं काही जळालं तर वाइंडिंग पुन्हा भरून मिळायचं. आज त्याच विहिरीवर मोबाइलवरून चालू होणारा ऑटो स्विच आहे, आडत्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा आहे, पेट्रोल पंपाचं मीटर, बँकेचं यंत्र आणि गावाबाहेरचा टॉवर आहे. या सगळ्यांच्या पोटात जी चिप असते तिला जाळायला मोटरीचं वाइंडिंग जाळण्याच्या मानाने नगण्य ऊर्जा पुरते, आणि ती जळाली की भरून मिळत नाही. त्यामुळे विद्युतचुंबकीय झटक्यापासून, मग तो विजेच्या लोळाचा असो, सौरवादळाचा की अणुस्फोटाचा, साधनं वाचवायची कशी, हा प्रश्न आता लष्कराच्या प्रयोगशाळेपुरता उरलेला नाही. त्यावर सहज मिळणारं उत्तर म्हणजे वस्तू पत्र्याच्या डब्यात ठेवा, फॉइलमध्ये गुंडाळा. महाराष्ट्राला या विषयाचा पावणेदोनशे वर्षांचा अनुभव आहे आणि त्यातून निघणारं उत्तर वेगळं आहे. साधनाला जोडलेली तार किती लांब आहे, ती जमिनीत कुठे आणि कशी उतरते, आणि येणाऱ्या झटक्याची नोंद कोणी ठेवतं आहे का, हे तीन प्रश्न डब्याच्या आधी येतात, असं मला या इतिहासावरून वाटतं.

हा इतिहास मुंबईच्या कुलाब्यात सुरू होतो. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये तिथे वेधशाळा उभारली, ती मुख्यतः जहाजांच्या वेळेसाठी आणि तारे पाहण्यासाठी. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होऊ लागली. प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली ज्यांनी हे काम केलं त्यात केरो लक्ष्मण छत्रे होते. पुढे टिळकांचे गुरू म्हणून ज्यांना महाराष्ट्र ओळखतो तेच हे केरूनाना. अलिबागेजवळच्या नागावचा हा मुलगा विशीही न गाठता कुलाब्याच्या वेधशाळेत लागला आणि जवळजवळ दहा वर्षं तिथे राहिला. काम कंटाळवाणं आणि काटेकोर. पीळ नसलेल्या रेशमी धाग्याला चुंबक टांगलेला, त्याला बारीक आरसा, आणि निरीक्षक लांब बसून दुर्बिणीतून आरशात दिसणारी मोजपट्टी वाचतो. जवळ जायचं नाही, कारण अंगावरच्या लोखंडाने, अगदी किल्लीनेही, चुंबक हलतो. वाचलेला आकडा वहीत उतरवायचा, आणि ठरलेली वेळ झाली की पुन्हा वाचायचा. दिवसा, रात्री, सणाला, पावसात. या आकड्यांचा त्या काळी कुणाला काय उपयोग होता? नौकानयनाला थोडासा. उरलेला उपयोग दीड शतकाने कळणार होता.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावरच्या डागांपाशी लख्ख पांढरा उजेड फुटलेला दिसला. त्यानंतर अठरा तासांच्या आतच सूर्यातून निघालेला भारित कणांचा लोट पृथ्वीवर आदळला. अमेरिका आणि युरोपातल्या तारऑफिसांत ठिणग्या उडाल्या, तारमास्तरांना धक्के बसले, काही ठिकाणी बॅटरी काढून टाकल्यावरही नुसत्या या लोटाने तारांत उठवलेल्या विजेवर संदेश जात राहिले. युरोपातल्या वेधशाळांत छायाचित्राच्या कागदावर आपोआप नोंद करणारी यंत्रं होती. रेघ कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्यात मात्र माणूस डोळ्याने वाचत होता. २ सप्टेंबरची सकाळ होती, लख्ख दिवस, त्यामुळे आकाशात कुणाला काही दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसाला त्या दिवशी वेगळं काहीच जाणवलं नसणार. पण वेधशाळेतला चुंबक ढळला, निरीक्षकाने वाचनं अधिक वेळा घेतली, आणि वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख फर्ग्युसन यांच्या देखरेखीखाली ते आकडे त्या वर्षीच्या छापील अहवालात गेले. २००३ मध्ये अवकाशशास्त्रज्ञ ब्रूस त्सुरुतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अहवाल उघडले तेव्हा दिसलं की क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेलं होतं, म्हणजे मुंबईच्या नेहमीच्या क्षेत्राच्या चार टक्क्यांइतकं. आधुनिक काळातलं गाजलेलं १९८९ चं वादळ ५८९ पर्यंत गेलं होतं. जगातल्या सर्वात मोठ्या नोंदलेल्या सौरवादळाचा उष्ण कटिबंधातला भक्कम पुरावा आज कुलाब्याच्या या वहीत आहे.

दुसरा पुरावा १८७२ चा. ४ फेब्रुवारीच्या रात्री मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाशाची आभा दिसली. जिच्यासाठी लोक नॉर्वेला जातात ती आभा अरबी समुद्राच्या काठावर. त्याच वेळी मुंबई-एडन समुद्री तार, जी टाकून दोनच वर्षं झाली होती, आणि सरकारी तारांच्या लाइनी विस्कळीत झाल्या. यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की बिघाड घरातल्या कुठल्या वस्तूत झाला नाही, तो शेकडो मैलांच्या तारांत झाला. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हललं की जमिनीत विद्युतदाब निर्माण होतो, पण तो किलोमीटरमागे एखाद्या व्होल्टच्या घरातला, बहुधा त्याहूनही कमी. हातभर तारेला त्याचं काहीच वाटत नाही. पाचशे किलोमीटर तारेची दोन्ही टोकं जमिनीत रोवलेली असतील तर तिला तो साचून शेकडो व्होल्ट भासतो.

आता मुक्कामाचं मुख्य ठिकाण: अलिबाग. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर नेण्याची चर्चा पक्की होऊ लागली. १८७४ पासून घोडे ओढत असलेल्या या गाड्यांना वीज मिळणं ही शहराची गरज होती, त्याबद्दल वाद नव्हता. पण विजेच्या ट्रामचा प्रवाह डोक्यावरच्या तारेतून येतो आणि रुळांवाटे परत जातो. परतीचा सगळा प्रवाह रुळांत राहत नाही, काही जमिनीत पाझरतो आणि वाट फुटेल तसा पसरतो. कुलाब्याचा चुंबक सूर्याची हालचाल टिपण्याइतका हळवा. त्याला दर ट्रामची ये-जा कळली असती. साठ वर्षांची अखंड नोंद तिथेच संपली असती. हा प्रश्न एकट्या मुंबईचा नव्हता. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेलाही ट्रामपायी चुंबकमापन स्कॉटलंडमधल्या एस्कडेलम्यूरला हलवावं लागलं. मुंबईत वेधशाळेची सूत्रं १८९६ पासून नानाभाई फ्रामजी मूस यांच्याकडे होती. हा माणूस १८५९ मध्येच, कुलाब्याच्या त्या नोंदीनंतर दोन महिन्यांच्या आत जन्मलेला. त्यांनी ट्राम येण्याची वाट पाहिली नाही. मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरवर, खाडीपलीकडे अलिबागेत नवी जागा उभी केली. १९०४ मध्ये तिथे मोजणी सुरू झाली, आणि कुलाब्याचं काम त्यानंतरही दोन वर्षं, १९०६ पर्यंत, चालू ठेवलं, म्हणजे दोन्ही ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडता यावेत. विजेची पहिली ट्राम मुंबईत धावली ७ मे १९०७ रोजी. (मराठीत या स्थलांतराचा एक गमतीशीर योग साधला आहे: वेधशाळा मुंबईच्या कुलाब्यातून निघाली आणि कुलाबा जिल्ह्याच्या ठाण्यात जाऊन बसली. रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं.)

अलिबागेची ती इमारत जरा जवळून पाहण्यासारखी आहे. महाराष्ट्रात बांधकाम म्हटलं की काळा दगड. मुंबईच्या कित्येक जुन्या इमारती, नगरचा किल्ला, तिसगावकडच्या वाड्यांची जोती, सगळं त्या एका कातळाचं. पण हा बेसॉल्ट लाव्हारसातून थिजलेला, आणि त्यात लोहाचे चुंबकीय कण भरलेले असतात. कातळाजवळ होकायंत्र धरलं तर काटा जागा सोडताना दिसू शकतो. अशा दगडाच्या भिंतींत चुंबकमापक ठेवणं म्हणजे तराजूच्या पारड्यावर हात ठेवून वजन करणं. म्हणून पोरबंदरचा पांढरट चुनखडी दगड समुद्रमार्गे आणून ही वास्तू बांधली. खिळे, बिजागऱ्या, कड्या पितळेच्या आणि तांब्याच्या; लोखंड नाही. खोलीच्या आत खोली, म्हणजे बाहेरच्या उन्हाची झळ आत पोचू नये. आपल्याकडे एखादं यंत्र बाहेरच्या विद्युतचुंबकीय उपद्रवापासून वाचवण्यासाठी हेतुपुरस्सर बांधलेलं इतकं जुनं घर दुसरं मला माहीत नाही. आणि हे घर म्हणजे धातूचा डबा नव्हे, हे विशेष. उलट धातू टाळून, अंतर राखून आणि आधीच हलून हे संरक्षण साधलं. मूस यांनी पुढे १८४६ ते १९०५ या साठ वर्षांचे आकडे दोन जाड खंडांत छापले. ती मालिका अलिबागेत आजही चालू आहे. ती आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

यावर कुणी म्हणेल की वेधशाळेचं उदाहरण इथे गैरलागू आहे. तिथे जपायचा होता तो मोजणीचा खरेपणा, तिसगावात जपायचा आहे तो स्टार्टर आणि मोबाइल. आक्षेप वरवर बरोबर आहे. पण दोन्ही ठिकाणी शत्रू एकच: दूरवर बदललेला प्रवाह आपल्याकडच्या तारेत नको तो प्रवाह उठवतो. कुलाब्याचा चुंबक त्या शत्रूला सर्वात आधी ओळखणारा, म्हणून सर्वात आधी जागा त्याने सोडली. चिपचा हळवेपणा आता त्या चुंबकाच्या पंगतीला येऊन बसला आहे, इतकाच फरक.

अणुबाँबच्या झटक्याबद्दल बोलताना भौतिकशास्त्रज्ञ त्याचे तीन भाग करतात. पहिला एका सेकंदाच्या अब्जांश भागांत उसळून जाणारा, दुसरा विजेच्या लोळासारखा, तिसरा मिनिटा-मिनिटांनी सरकणारा, सौरवादळासारखा. मला या विभागणीचं महत्त्व वाटतं ते तारेच्या लांबीमुळे. तिसऱ्या, संथ भागाला आपली पकड बसवायला शेकडो किलोमीटर तार लागते. ४०० आणि ७६५ केव्हीच्या लांबलचक लाइनी त्याच्या तोंडाशी आहेत. तिसगावच्या डीपीवर येणारी ११ केव्हीची काही किलोमीटरची लाइन त्याच्या खिजगणतीत नाही. म्हणजे १८५९ सारखं वादळ पुन्हा आलं तर तिसगावातला टीव्ही जळणार नाही. दूरच्या उपकेंद्रातला भला मोठा ट्रान्सफॉर्मर तापेल, संरक्षक यंत्रणा लाइनी तोडतील आणि तिसगावात लाइट जाईल. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १३ मार्च १९८९ रोजी नेमकं हेच झालं. दीड मिनिटात सबंध ग्रिड बसलं, साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. घरातल्या वस्तू शाबूत होत्या. दुसऱ्या, विजेसारख्या भागाला किलोमीटरभर तार पुरते. पहिल्याला मात्र काही मीटरही पुष्कळ होतात, आणि खरी धास्ती त्याचीच आहे. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनचा स्फोट केला, तेव्हा १४०० किलोमीटरवरच्या हवाई बेटांत तीनशेच्या आसपास रस्त्यावरचे दिवे गेले. त्या दिव्यांचीही गोष्ट वायरिंगची, लांब ओळीत जोडलेल्या दिव्यांची होती. तेव्हा चिप्स रोजच्या वापरात नव्हत्या. आज परिणाम अधिक होईल, हे मान्यच करायला हवं.

दोन आक्षेप अजून उरतात. पहिला असा की सौरवादळं ही ध्रुवाकडच्या देशांची चिंता, आपण विषुववृत्ताजवळ, आपल्याला काय. यात तथ्य आहे: आपल्याकडे जमिनीत उठणारा दाब कॅनडा-स्वीडनच्या मानाने पुष्कळ कमी असतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, हे कुलाब्याच्या वहीने १८५९ मध्ये आणि एडनच्या तारेने १८७२ मध्ये सांगून ठेवलं आहे. २००३ च्या ऑक्टोबरमधल्या वादळांनंतर दक्षिण आफ्रिकेतले मोठे ट्रान्सफॉर्मर खराब झाले, तोही ध्रुवाकडचा देश नाही. शिवाय आपलं ग्रिड तेव्हाचं राहिलेलं नाही. सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची लाइन २०१३ च्या अखेरीस जोडली गेली आणि काश्मीर ते कन्याकुमारी एक ग्रिड झालं. ही फार मोठी कमाई आहे. पण व्होल्टेज जितकं चढं तितका लाइनीचा रोध कमी, आणि रोध कमी तितका हा आगंतुक प्रवाह जास्त. २०२४ च्या मे महिन्यात लडाखच्या हानले इथून आकाश तांबडं झालेलं दिसलं, तेव्हाचं वादळ १८५९ च्या पावपट होतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अर्थिंग आणि अंतर ठीक, पण अणुझटक्याच्या पहिल्या उसळीपुढे त्यांचं काय चालणार? तिथे डबाच लागेल. खरं आहे, आणि डब्याचं शास्त्र जुनं व पक्कं आहे. मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये बारा फुटी पिंजरा बांधून, त्याच्यावर विजेच्या ठिणग्या पाडून, स्वतः आत बसून ते सिद्ध केलं. पण डब्याला एक अट आहे: त्यातून आत तार गेली की तो डबा राहत नाही. तिसगावहून जाणाऱ्या याच महामार्गाने पश्चिमेला नगर, पुढे आळेफाटा, तिथून दक्षिणेला नारायणगाव, तिथल्या खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या दूरदृष्टीतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीला आकाशातली इतकी क्षीण कुजबुज ऐकायची असते की स्वतःच्याच संगणकांचा गोंगाट तिला सोसत नाही. म्हणून ती इलेक्ट्रॉनिक्स धातूच्या बंदिस्त खोल्यांत ठेवतात, आणि तबकड्यांकडून मध्यवर्ती इमारतीत येणारा संदेश तांब्याच्या तारेतून न आणता काचेच्या तंतूतून, ऑप्टिकल फायबरमधून आणतात. काचेत प्रवाह उठत नाही. डबा खरोखर डबा राहायचा तर हे सगळं करावं लागतं. नगरच्या वाहन संशोधन संस्थेत, व्हीआरडीईमध्ये, गाड्यांचीही अशीच विद्युतचुंबकीय चाचणी होते. हे काम संस्थांचं आहे, रुग्णालयं, टॉवर, उपकेंद्रं यांच्यासाठी ते व्हायलाच हवं आणि त्यासाठी पैसा मागायला हवा. घरातला रोज वापरायचा फोन मात्र डब्यात ठेवून वापरता येत नाही. आणि कशालाही न जोडलेल्या, वीतभर लांबीच्या फोनला मुळात धोका कमी. चार्जिंगला लावलेला फोन हा शंभर मीटर तारेचा फोन असतो.

म्हणून तिसगावसारख्या गावाने आपली काळजी जिथे वळवायला हवी ती जागा मधली आहे: विजेचा लोळ आणि त्याच्यासारखा झटका. तो दर वर्षी येतो. वळवाचे ढग चढतात ते चैत्र-वैशाखात, म्हणजे जमीन सर्वात कोरडी असते नेमकी तेव्हा. वीज गावावर पडायची गरज नाही. किलोमीटरभर दूर शिवारात पडली तरी उघड्या तारांत हजारो व्होल्टची लाट उठते. डीपीच्या खांबावरचा लायटनिंग अरेस्टर ती लाट जमिनीत सोडण्यासाठीच असतो. पण तो सोडणार कुठे? त्याच्याखालची अर्थिंगची पट्टी सुटली असेल, चोरीला गेली असेल किंवा कोरड्या मुरमात नुसती टेकलेली असेल तर लाट जमिनीत न शिरता न्यूट्रलवाटे घराघरांत जाते. अर्थिंगचा खड्डा कसा करायचा हे जुन्या वायरमनला तोंडपाठ असतं: पुरुषभराहून खोल खणायचं, नळी किंवा दोन बाय दोन फुटांची प्लेट उभी सोडायची, भोवती मीठ आणि कोळशाचे आळीपाळीने थर, वर नरसाळं आणि झाकण. कोळसा ओल धरतो, मीठ त्या ओलीला प्रवाह वाहू देतं. काळ्या मातीत हा खड्डा वर्षभर चालतो. मुरमात आणि कातळात तो उन्हाळ्यात सुकतो, आणि सुकला की नावापुरता उरतो. मिठाने नळीही खाल्ली जाते, म्हणून हल्ली बेंटोनाइट माती भरतात, ती बरी. मोटरीच्या पेटीत आणि घराच्या मेन स्विचपाशी सर्ज प्रोटेक्टर बसवणं चांगलंच, पण त्याचीही तार शेवटी याच खड्ड्यात उतरते. खड्डा कोरडा असेल तर ते यंत्र विकत घेऊन भिंतीवर लावलेलं शोभेचं खोकं होतं.

इशाऱ्याची बाजू मात्र आता केरूनानांच्या काळापेक्षा कितीतरी पुढे गेली आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप जवळ पडणाऱ्या विजेची सूचना देतं. २ सप्टेंबर २०२३ रोजी, कुलाब्याच्या त्या सकाळनंतर बरोबर १६४ वर्षांनी, भारताचं आदित्य एल-१ यान सूर्याकडे निघालं. त्यावरची सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने घडवली. पंधरा लाख किलोमीटरवरून ते यान सौरवाऱ्याची नोंद घेतं, आणि त्यातून वादळाच्या आधी अर्धा-एक तास हाती लागू शकतो. उपकेंद्राला तेवढा वेळ भार उतरवायला पुरतो. तिसगावच्या विहिरीवर दामिनीच्या सूचनेनंतरचा थोडा वेळही स्टार्टरचा मेन खाली ओढून पिन काढायला पुरतो. खड्ड्यात पाणी घालणं मात्र आयत्या वेळी साधत नाही. मुरमाला ओल धरायला दिवस लागतात. मढीची यात्रा होळीला सुरू होते आणि पाडव्यापर्यंत चालते, वळीव त्यानंतर येतो. डीपीच्या खांबाखालची पट्टी पाहून घ्यायची, सैल नट आवळून घ्यायचा आणि प्रत्येक खड्ड्यात चार-सहा घागरी ओतायच्या त्या याच पंधरा दिवसांत.